कल्पित हेर आणि त्याची नाममुद्रा

कल्याण सोडून मध्य रेल्वेचा जो मार्ग कर्जतकडे वळतो, त्याच्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकापाठोपाठ एक लागतात. आणि एखादे नाव बाजारात रुजते कसे, त्याच्यावर लोकांचा विश्वास बसतो कसा आणि अखेर त्या नावाची किंमत मालाच्या किमतीहून अधिक होते कशी, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याला ह्या चौदा-पंधरा किलोमीटरांच्या टापूइतकी बोलकी भूमी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. अंबरनाथला विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना उभा राहिला आणि तिथल्या एका चौकाला 'विम्को नाका' हे नाव कायमचे चिकटले. ह्या कंपनीच्या आगपेट्यांवर कुठे जहाज तर कुठे घोड्याचे मुंडके छापलेले असे. ज्याला अक्षरओळख नव्हती असे गिऱ्हाईकही दुकानात जाऊन 'जहाजाची पेटी द्या' किंवा 'घोडाछाप द्या' एवढे सांगत असे, आणि त्या इवल्याशा चित्राच्या भरवशावर आतली काडी दमट नसणार, एका ओढीत पेटणार, असे निश्चिंतपणे मानीत असे. नाममुद्रेचे सारे शास्त्र ह्या व्यवहारात सामावलेले आहे.

शेजारच्या उल्हासनगराची कथा निराळी, पण धडा त्याच विषयाचा. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेली कल्याणची छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांच्या वाट्याला आली; ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून तिचे उल्हासनगर झाले, तरी 'कॅम्प नंबर एक' पासून 'कॅम्प नंबर पाच' पर्यंतची लष्करी वहिवाट लोकांच्या तोंडून आजतागायत गेलेली नाही. घरदार, जमीनजुमला आणि पिढीजात पेढ्या मागे टाकून आलेल्या ह्या माणसांनी पापड-लोणच्यांपासून विजारींपर्यंत जे जे हाताने करता येईल ते ते केले, गजानन मार्केट आणि जपानी बाजार वसवले, आणि परदेशी नावांच्या मालाची हुबेहूब नक्कल इथे मिळते अशी जी ख्याती पसरली तिच्यावरून लोकांनी थट्टाही पुष्कळ केली. त्या थट्टेत एक गोष्ट नेहमी निसटते. नाव नसलेला माल उत्तम असूनही पडून राहतो आणि नाव असलेला मध्यम मालही हातोहात खपतो, हे बाजाराचे कठोर सत्य ह्या शहराने स्वतःच्या पोटावर सोसून शिकले होते.

आगपेटी काय, विजार काय, ह्या हाताला लागणाऱ्या वस्तू. परंतु जी वस्तू मुळी अस्तित्वातच नाही, जी केवळ एका लेखकाच्या कल्पनेत जन्मली आणि कागदावर उतरली, तिचीही अशीच नाममुद्रा होऊ शकते काय? होते, आणि तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कल्पित हेर. ह्यात एक विलक्षण विरोध आहे. खऱ्या हेराचे सारे यश तो अज्ञात राहण्यात असते, आणि कल्पित हेराचे व्यापारी यश मात्र तो पोराबाळांपर्यंत सर्वांना ठाऊक होण्यात असते. आपल्याकडे हेरांची वाण कधीच नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस अशी एका ठिकाणी राहून काम करणाऱ्या हेरांची आणि सत्री, तीक्ष्ण, रसद, भिक्षुकी अशी संचार करणाऱ्या हेरांची रीतसर वर्गवारी आहे. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात तर यमपट दाखवीत घरोघर हिंडणारा निपुणक अमात्य राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हाती आणून देतो आणि पुढचे सर्व राजकारण त्या मुद्रेवर फिरते. तथापि निपुणकाचे नाव आज संस्कृताच्या अभ्यासकांखेरीज कोणास आठवते? त्याने आपले काम केले आणि तो पडद्याआड गेला, कारण नाटककाराला चाणक्याची बुद्धी दाखवावयाची होती. हेराला स्वतःला नायक करावे, त्याचे नाव ग्रंथाच्या नावापेक्षा मोठे व्हावे आणि वाचकाने पुढच्या खेपेस गोष्ट न मागता तो माणूसच मागावा, ही कल्पना छापखाना आणि स्वस्त पुस्तक ह्यांच्या युगातली आहे.

ह्या प्रकारात जगात अग्रपूजेचा मान जेम्स बाँडचा आहे, आणि 'मोठा जेम्स बाँड लागून गेलास!' असे आपल्या घरातली आजीसुद्धा नातवाला सहज म्हणते, यावरून त्या मुद्रेचा ठसा किती दूरवर उमटला आहे ते कळावे. त्याचा जनक इयान फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता खात्याचे प्रमुख ॲडमिरल गॉडफ्री यांचा स्वीय सहायक होता. युद्ध संपल्यावर त्याने जमेका बेटावर घर बांधले आणि १९५२ च्या आरंभी तेथे बसून 'कसिनो रोयाल' ही पहिली कादंबरी लिहिली. नायकाला नाव हवे होते ते अगदी साधे, कोणतेही तेज नसलेले. आणि ते त्याने स्वतःच्या टेबलावरील वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवरच्या एका संदर्भग्रंथाच्या मुखपृष्ठावरून, त्याच्या पक्षिशास्त्रज्ञ लेखकाकडून, उचलले. १३ एप्रिल १९५३ रोजी ती कादंबरी लंडनच्या जोनाथन केप ह्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली तेव्हा पहिल्या मुद्रणाच्या प्रती होत्या अवघ्या ४,७२८. पुढे ज्याच्या नावावर कोट्यवधींची उलाढाल झाली त्याचा प्रारंभ इतका बेताचा होता.

फ्लेमिंगचे कौशल्य कथानकापेक्षा तपशिलात अधिक होते, असे माझे मत आहे. त्याचा नायक नुसती सिगारेट ओढीत नाही. अमुक दुकानाने खास बनवलेली, तीन सोनेरी पट्ट्यांची सिगारेट ओढतो. तो कोणत्या मोटारीत बसतो, मनगटावर कोणाचे घड्याळ बांधतो, अंडे किती वेळ उकडलेले खातो, हे सर्व नावनिशीवार सांगितलेले असते. युद्धोत्तर इंग्लंडात शिधापत्रिका अद्याप चालू होत्या. साखर, लोणी, मांस मोजून मिळत होते. अशा टंचाईने गांजलेल्या वाचकाला ह्या नावांच्या यादीतून एक अप्राप्य जग दिसत असे. म्हणजे बाँड स्वतः नाममुद्रा होण्याच्या आधी इतरांच्या नाममुद्रा अंगावर वागवीत होता, आणि पुढे जेव्हा मोटारींचे आणि घड्याळांचे कारखानदार त्याच्या दारी करारनामे घेऊन उभे राहिले तेव्हा त्यांच्यासाठी जागा आधीच तयार होती. वाचकांचा हातभारही ह्या घडणीत होता. जेफ्री बूथरॉइड नावाच्या एका शस्त्रज्ञ वाचकाने १९५६ मध्ये पत्र लिहून कळवले की, आपल्या नायकाच्या हातचे बेरेटा पिस्तूल त्याच्या कामाला शोभत नाही. फ्लेमिंगने ती सूचना शिरोधार्य मानली, १९५८ च्या 'डॉक्टर नो' मध्ये बाँडच्या हाती वाल्थर पिस्तूल दिले आणि ते देणाऱ्या शस्त्रागाराच्या अधिकाऱ्याचे नाव कृतज्ञतेने मेजर बूथरॉइड असेच ठेवले. आज ते पिस्तूल त्या मुद्रेचा अविभाज्य भाग झालेले आहे.

त्यानंतरची वाटचाल म्हणजे एका नावाची अनेक दारांनी झालेली विक्री होय. १९५८ पासून 'डेली एक्स्प्रेस' ह्या दैनिकात बाँडची चित्रमालिका चालू झाली. १७ मार्च १९६१ च्या 'लाइफ' साप्ताहिकात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या आवडत्या दहा पुस्तकांची यादी प्रसिद्ध झाली आणि तीत 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह' चे नाव आले, तेव्हापासून अमेरिकेतील खप झपाट्याने वाढला. आणि १९६२ मध्ये सुमारे दहा लाख डॉलरांच्या खर्चात तयार झालेला 'डॉक्टर नो' हा चित्रपट पडद्यावर आला. ह्या चित्रपटाच्या निर्मात्यांनी, हॅरी सॉल्ट्झमन आणि आल्बर्ट ब्रॉकोली यांनी, जे केले त्याला मी खरी दूरदृष्टी म्हणेन. मॉरिस बाइंडरने रचलेले बंदुकीच्या नळीतून दिसणारे दृश्य, माँटी नॉर्मनच्या नावावरची आणि जॉन बॅरीने वाद्यमेळात बांधलेली ती धून, जोसेफ कॅरॉफने बाँडच्या ००७ ह्या सांकेतिक अंकातील साताला पिस्तुलाची मूठ जोडून काढलेले चिन्ह, आडनाव आधी आणि पूर्ण नाव मागून सांगण्याची लकब, ही सर्व अंगे पहिल्या काही वर्षांतच ठरून गेली. नारदीय कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला नमन, पूर्वरंग, नामजप आणि मग आख्यान हा क्रम ठाऊक असतो, आणि त्या क्रमाच्या खात्रीमुळेच तो बुवा बदलले तरी पुन्हा येऊन बसतो. तद्वत नायकाची भूमिका करणारे नट सहा बदलले, शॉन कॉनरीपासून डॅनियल क्रेगपर्यंत, परंतु २०२१ पर्यंतच्या पंचवीस चित्रपटांत प्रेक्षकाला ओळखीचा क्रम चुकला नाही. १९६४ च्या 'गोल्डफिंगर' मधील ॲस्टन मार्टिन मोटारीचे छोटे खेळणे १९६५ मध्ये कॉर्गी कंपनीने बाजारात आणले आणि ते लाखोंनी खपले. चित्रपट वर्षा-दोन वर्षांनी येई, खेळणे मुलाच्या हातात रोज असे.

इतके सारे होऊ शकले ते कागदपत्रांमुळे, हे मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावे असे मला कळकळीने वाटते. फ्लेमिंगने आपल्या लेखनाचे हक्क फार लवकर ग्लिडरोज नावाच्या कंपनीकडे सोपवले होते. १९६४ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, त्याने तिचा ५१ टक्के हिस्सा साखरेच्या व्यापारातील बुकर ह्या पेढीला विकला. लेखकांच्या हक्कांतून मिळणाऱ्या पैशाची चव त्या पेढीला लागली, आणि १९६९ पासून दिला जाणारा इंग्रजी कादंबरीचा सुप्रसिद्ध बुकर पुरस्कार ह्याच व्यवहाराच्या आसपास जन्माला आला. गंभीर वाङ्मयाच्या शिरावरील त्या मुकुटाखाली एका हेराची कमाई आहे. दस्तऐवज जिथे ढिला राहिला तिथे मात्र पन्नास वर्षे दावा चालला. 'थंडरबॉल' ची कथा केव्हिन मॅकलोरी आणि जॅक व्हिटिंगहॅम यांच्या सहकार्याने रचलेली असता फ्लेमिंगने तिची कादंबरी आपल्या एकट्याच्या नावाने काढली. प्रकरण न्यायालयात गेले, १९६३ मध्ये तडजोड झाली, आणि तिच्या आधारे १९८३ मध्ये बाँडचा एक प्रतिस्पर्धी चित्रपट निघाला, नेमका त्याच वर्षी ज्या वर्षी मूळ निर्मात्यांचा, उदयपूरला चित्रित झालेला 'ऑक्टोपसी' आला. मॅकलोरीच्या वारसांशी शेवटचा करार होऊन हे दप्तर बंद झाले ते २०१३ मध्ये. फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रपटांवरचा सर्जनाचा अधिकारही ब्रॉकोली कुटुंबाकडून ॲमेझॉनच्या चित्रसंस्थेकडे गेला. अशा रीतीने जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याची मालकी एखाद्या जहागिरीसारखी हस्तांतरित होत राहिली आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. ज्या सुमारास फ्लेमिंग जमेकात लिहीत होता त्याच वर्षी, मार्च १९५२ मध्ये, अलाहाबादेहून इब्न-ए-सफी ह्या तरुण लेखकाची 'जासूसी दुनिया' ही उर्दू मासिक कादंबरीमालिका चालू झाली. १९५५ पासून त्याच्याच लेखणीतून इम्रान हा वरवर भोळसट आणि आतून गुप्तवार्ता खात्याचा सूत्रधार असलेला नायक अवतरला. लेखक त्या आधीच कराचीला गेला होता, पण त्याचे नायक सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना नांदले. हिंदी आवृत्तीत 'जासूसी दुनिया' च्या कर्नल फरीदी ह्या नायकाचा कर्नल विनोद झाला आणि इम्रानचा राजेश झाला. माणूस तोच, नाव त्या त्या वाचकाच्या जिभेवर बसेल असे. १९६० नंतर इब्न-ए-सफी दीर्घकाळ आजारी पडला तेव्हा त्याच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन नकली पुस्तकांचे पेव फुटले. १९६३ मध्ये 'डेढ मतवाले' घेऊन तो परतला आणि वाचकांनी अस्सल नाणे तत्क्षणी ओळखले. नक्कल होणे ही नाममुद्रेच्या मोठेपणाची पहिली पावती असते, हे उल्हासनगरच्या कोणाही जुन्या व्यापाऱ्याला सांगावे लागणार नाही.

मराठीत ह्या क्षेत्राचे आद्य सम्राट म्हणजे बाबूराव अर्नाळकर. गोविंदशास्त्री दातार आणि नाथमाधव यांनी अद्भुत आणि रहस्याची गोडी मराठी वाचकाला आधीच लावून ठेवली होती, परंतु ती गोडी एका नायकाच्या नावाशी बांधून टाकण्याचे काम अर्नाळकरांनी केले. त्यांचे स्वतःचे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. गिरगावात चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या ह्या गृहस्थाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार, काळापहाड, धनंजय हे त्यांचे मानसपुत्र मराठी माणसाच्या घरात नातलगांसारखे वावरले. लेखकाचे टोपणनाव ही पहिली मुद्रा, नायकाचे नाव ही दुसरी. पुस्तक हाती घेताना कथानक कोणते हे कोणी विचारीत नसे. 'झुंजार आला का?' एवढाच प्रश्न असे. झुंजार म्हटला की त्याची पत्नी विजया आली, धनंजय म्हटला की छोटू आला, आणि नायक कितीही संकटात सापडला तरी शेवटच्या पानावर सुखरूप असणार हा विश्वास आला. लेखकाने तो हजार वेळा पाळला. समीक्षकांनी ह्या लेखनाला वाङ्मयाच्या ओसरीवरही बसू दिले नाही. परंतु नुकताच अक्षरे जुळवू लागलेला गिरणीतला कामगार, शाळकरी मुलगा, दुपारी कामे आटोपून बसलेली गृहिणी ह्यांना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मराठी वाचण्याची सवय ज्या लेखकाने लावली त्याचे ऋण आपण पुरेसे मान्य केलेले नाही, असे मी आग्रहाने म्हणेन.

काळ बदलला तसा नायकही बदलला. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनी सरहद्द ही गोष्ट घरोघरच्या बोलण्यात आणली. १९६८ मध्ये परराष्ट्रांची गुप्त माहिती मिळवणारे 'रॉ' हे स्वतंत्र खाते केंद्र सरकारने स्थापन केले. आणि आता शहरातल्या दरोडेखोराचा माग काढणाऱ्या साहसवीराऐवजी परराष्ट्राचे कारस्थान उधळून लावणारा लष्करी हेर वाचकांना हवासा झाला. ही मागणी गुरुनाथ नाईक यांनी अचूक ओळखली. त्यांच्या नायकांना दर्जा आणि हुद्दा होता: कॅप्टन दीप, मेजर अविनाश भोसले. त्यांच्या बरोबरीने उदयसिंह राठोड, सूरज, जीवन सावरकर आणि रजनी काटकर ही नावे होती, आणि गरुड, शिलेदार, गोलंदाज, रातराणी, शब्दवेध अशा मालिका होत्या. मालिकेचे नाव हे ह्या व्यवसायातले अत्यंत चतुर साधन. एकच लेखक, परंतु प्रत्येक मालिकेचा नायक निराळा, स्वभाव निराळा, वाचकही काही अंशी निराळा. म्हणजे एकाच कारखान्यातून जहाजाची पेटी आणि घोड्याची पेटी अशा दोन्ही निघाव्यात तसा हा प्रकार. नाईकांनी बाराशेहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. महिन्याला दोन धरल्या तरी हे पन्नास वर्षांचे काम होते, यावरून त्यांच्या लेखणीच्या वेगाची कल्पना यावी. त्यांच्या मागोमाग सुहास शिरवळकर यांनी दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास असे नायक उभे केले आणि तरुण वाचकांची एक अख्खी पिढी आपलीशी केली.

ही पुस्तके पोहोचत कशी? मोठ्या ग्रंथदालनांतून नव्हे. रेल्वे स्थानकावरील पुस्तकांचा गाडा, नाक्यावरचे वर्तमानपत्रांचे दुकान आणि चाळीच्या तळमजल्यावरचे खासगी वाचनालय, ह्या तीन वाटा होत्या. मुंबईपासून बदलापूर अडुसष्ट किलोमीटर. सकाळी गाडीत बसायला जागा मिळाली तर दीड तासाहून अधिक वेळ हाती असे, आणि शंभर-सव्वाशे पानांची पातळ कादंबरी जाता-येता संपे. वाचनालयाच्या वर्गणीदाराला ती दुसऱ्या दिवशी परत करून पुढची नेता येई. एका प्रतीचे कित्येक वाचक होत; छापखान्यातून बाहेर पडलेली प्रत पाने सुटेपर्यंत, मुखपृष्ठ खाकी कागदात बांधूनही झिजेपर्यंत फिरत राही. अंबरनाथच्या वाचकाला ह्या गोष्टींत आणखी एक जवळीक वाटली असेल असे मला नेहमी वाटते. संरक्षण खात्याचा शस्त्रसाहित्याचा कारखाना आणि यंत्रसामग्रीचा आदिरूप कारखाना ह्याच गावात. दारावरचा पहारा, परवाना दाखवून आत जाणे, आतले काम बाहेर न बोलणे आणि त्यामागे १९२३ चा शासकीय गोपनीयता कायदा, हे इथल्या शेकडो कुटुंबांच्या नित्याच्या जीवनातले. ज्याच्या शेजारच्या घरातला माणूस आपण कारखान्यात काय करतो हे जेवताना सांगू शकत नाही, त्याला कॅप्टन दीपचे मौन समजावून सांगावे लागत नाही.

चित्रपटांनी हा धागा उचलला तो मात्र बव्हंशी हिंदीत. तेलुगूतील 'गूढचारी ११६' वरून १९६७ मध्ये 'फर्ज' निघाला आणि जितेंद्र एजंट ११६ झाला. १९७७ मध्ये 'एजंट विनोद', १९७९ मध्ये मिथुन चक्रवर्तीचा गनमास्टर जी-नाइन. अंकांची ही आवड कोठून आली हे सांगणे नको. ह्यांतला एकही नायक दीर्घकाळ टिकला नाही, कारण चित्रपटांची लांब, सलग मालिका बांधण्याची दृष्टी त्या निर्मात्यांपाशी नव्हती. ती दृष्टी यशराज संस्थेने दाखवली: २०१२ चा 'एक था टायगर', २०१९ चा 'वॉर', २०२३ चा 'पठाण' ह्यांतील हेर एकमेकांच्या चित्रपटांत ये-जा करू लागले आणि तिन्ही मिळून एका घराण्याची मुद्रा तयार झाली. मराठीत ह्या मार्गाने जुन्या नायकाला नवे आयुष्य मिळाल्याचे उत्तम उदाहरण हेराचे नव्हे, तर एका शाळकरी मुलाचे: भा. रा. भागवत यांचा फुरसुंगीचा बनेश फेणे १९८० च्या दशकात दूरदर्शनवर आला आणि २०१७ मध्ये मोठ्या पडद्यावर. झुंजार आणि कॅप्टन दीप त्या वाटेकडे अद्याप पाहत उभे आहेत.

असे का व्हावे? झुंजारच्या किंवा कॅप्टन दीपच्या मुद्रेत काही उणे होते म्हणून खचित नव्हे. आमच्याकडे ग्लिडरोज नव्हती, एवढेच ह्याचे उत्तर आहे असे मी समजतो. रहस्यकथेच्या धंद्यात हस्तलिखित द्यावे, ठरलेले मानधन रोख घ्यावे आणि दुसऱ्या हस्तलिखिताला बसावे, ही रीत रूढ होती. नायकाच्या नावावर भविष्यात चित्रपट, नाटक, चित्रमालिका किंवा खेळणे निघाले तर त्यात लेखकाचा हिस्सा किती, असा करारनामा करण्याचे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. ज्यांच्या नायकांनी लक्षावधी वाचकांना रात्र रात्र जागवले त्या गुरुनाथ नाईकांना उतारवयात आर्थिक विवंचनेला तोंड द्यावे लागले, हे वृत्तपत्रांतून महाराष्ट्राला कळले. २०२१ मध्ये ते निवर्तले. लेखकाच्या मृत्यूनंतर पुस्तकांची दशा त्याहून वाईट. स्वस्त कागद, पातळ बांधणी, आणि 'हे काय जपून ठेवायचे?' ही सुशिक्षितांची वृत्ती, यामुळे ह्या पुस्तकांचे गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत गेले. म्हणूनच बदलापूरला श्याम जोशी यांनी पदरमोड करून, जुने मराठी मुद्रित मिळेल तेथून गोळा करीत, लाखोंच्या संख्येने ग्रंथ आणि नियतकालिके असलेले 'ग्रंथसखा' वाचनालय उभे केले, ह्या कार्याचे मोल मला फार मोठे वाटते. नाममुद्रेचा वारसा सांगावयाचा झाला तर प्रथम मूळ प्रत हाती असावी लागते.

कायद्याची बाजू आता अगदी निकडीची झाली आहे. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. नायकाचे केवळ नाव ह्या कायद्याच्या कक्षेत सहज येत नाही. तथापि नाव, वेष, रूप आणि गुण मिळून जी व्यक्ती वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहते तिची नक्कल न्यायालये थांबवतात. नागराज ह्या चित्रकथानायकाशी मिळताजुळता नागेश दुसऱ्या प्रकाशकाने काढला तेव्हा १९९० च्या दशकात दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. ह्याशिवाय १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा आहे; त्याखाली नोंदलेले नाव दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून वाटेल तितका काळ राखता येते. पहिला हक्क लेखनावरचा आणि मुदतीचा, दुसरा बाजारातल्या नावावरचा आणि राखाल तोवर टिकणारा. बाँडच्या मालकांनी दोन्ही राखले.

ह्या दोन हक्कांतला भेद आजच्या घडीला फार स्पष्ट दिसतो. फ्लेमिंग १९६४ मध्ये वारला. त्यामुळे १ जानेवारी २०२५ पासून भारतात त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्याचे स्वतःचे लेखन सर्वांना खुले झाले आहे. अंबरनाथच्या एखाद्या प्रकाशकाला आज 'कसिनो रोयाल' चा मराठी अनुवाद कोणाची परवानगी न घेता छापता येईल. मात्र मुखपृष्ठावर पिस्तुलाची मूठ जोडलेला तो ००७ छापता येणार नाही, कारण ते चिन्ह आहे. उलटपक्षी अर्नाळकर १९९६ मध्ये निवर्तले, म्हणून झुंजार आणि काळापहाड ह्यांच्यावरचा हक्क २०५६ अखेरपर्यंत आहे; शिरवळकरांच्या दारा बुलंदवरचा २०६३ पर्यंत; नाईकांच्या कॅप्टन दीपवरचा २०८१ पर्यंत. तो हक्क आज कोणाकडे आहे, कोणत्या प्रकाशकाला कोणत्या अटीवर काय दिले गेले, कोणत्या हस्तलिखिताची पावती कोणाच्या कपाटात आहे, ह्याची एक सलग यादी लेखकांच्या वारसांनी, प्रकाशकांनी आणि साहित्यसंस्थांनी एकत्र बसून तयार केली, आणि तिच्या सोबतीला प्रत्येक मालिकेची मिळेल तितकी पुस्तके क्रमवार लावली, तर झुंजारपुरती तीस वर्षांची आणि कॅप्टन दीपपुरती त्याहून दीर्घ मुदत हाती आहे.